मनाची पडकई

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



घोडेगावातल्या आमच्या आळीला एक सवय होती. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास प्रत्येक घरातलं एखादं तरी माणूस ओट्यावर येऊन बसायचं. कुणी लसूण सोलत, कुणी तांदूळ निवडत, कुणी नुसतंच. त्या अर्ध्या-पाऊण तासात सगळ्या आळीची हजेरी लागायची. कुणाची चूल आज उशिरा पेटली, कुणाचा पोरगा पुण्याहून आला, कुणाला मजुरी मिळाली नाही, हे कुणी न विचारता सगळ्यांना कळायचं.

साधारण पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्या हजेरीतून माझे थोरले भाऊ गळाले. आज मला त्या गैरहजेरीबद्दल बोलायचं आहे.

थोरल्या भावाला आम्ही भाईजान म्हणतो. व्यवसाय शिंप्याचा. एस.टी. स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं टीचभर दुकान होतं. शाळा सुरू होण्याचे दिवस आणि लग्नसराई ही त्यांची सुगी. पश्चिमेकडून, आहुपे-तळेघरच्या बाजूनं लोक एस.टी.नं खाली उतरायचे, पोरांचे सदरे आणि चड्ड्या शिवायला टाकायचे. हिरडा विकला की पैसे द्यायचे. भाईजानच्या वहीत कितीतरी नावांपुढे 'हिरड्यावर' एवढंच लिहिलेलं असे. मग तयार कपडे आले. शिलाईच्या पैशात आख्खा सदरा मिळू लागला, तेव्हा शिंप्याकडे कोण येणार? गिऱ्हाईक एकदम तुटलं नाही. एकेक करून कमी होत गेलं.

भाईजान काही बोलले नाहीत. आधी त्यांची झोप गेली. मग भूक गेली. मग बोलणं गेलं. सकाळी दुकान उघडायचे, पण मशीनवरचं फडकं काढायचे नाहीत. पुढे दुकानही उघडेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. भाभीनं विचारलं की एकच उत्तर, 'दिल नहीं लगता.'

घरानं काय केलं, तर लपवलं. गरिबाच्या घरात दुसरी इस्टेट नसते, अब्रू हीच इस्टेट. पुतणीचं लग्न ठरायचं होतं. बाप 'तसा' आहे असं कळलं तर स्थळ मोडेल, ही धास्ती. म्हणून आळीत सांगितलं, कावीळ झाली आहे. दर्ग्यावर नेऊन आणलं. एका डॉक्टरांनी अशक्तपणा सांगून दोन सलाईन लावली.

आणि मी? मी बी.ए. झालेला, चार बुकं वाचलेला, कविता करणारा धाकटा भाऊ. त्या वर्षी मी गावोगावच्या कविसंमेलनांतून माणुसकीवरच्या कविता वाचत होतो. टाळ्या घेत होतो. घरी आलो की भाईजानच्या उशाशी उभा राहून म्हणायचो, 'हिंमत धरा. जगात लोकांची याहून मोठी दुःखं आहेत.' पाच-सात मिनिटं बोलायचो आणि निघून जायचो. खाली बसलो नाही. आज कबूल करतो, तो उपदेश त्यांच्यासाठी नव्हताच. माझं मला बरं वाटावं म्हणून होता.

आमच्या आळीच्या टोकाला एका खोलीत एक आजी राहायच्या. महादेव कोळी समाजाच्या. डिंभे धरणाच्या पाण्याखाली गाव गेलं, तशा त्या नवऱ्याबरोबर इकडे आल्या. रानभाज्या, करवंदं, जांभळं विकायच्या. भाईजान ओट्यावर दिसेनात, तेव्हा चौथ्या दिवशी आजी आल्या. भाभीनं काविळीचं सांगितलं. आजी म्हणाल्या, 'काविळीला माणूस पिवळा पडतो बाई, गप नाही पडत.'

त्या दिवशी त्यांनी आणखी काही विचारलं नाही. भाजीची जुडी काढली आणि आमच्या उंबऱ्याशी बसून निवडू लागल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा. महिनाभर रोज. भाईजानकडे बघायच्याही नाहीत. पावसाचं, बाजाराचं, कुणाच्या म्हशीचं असं काहीबाही भाभीशी बोलायच्या. एके दिवशी जुनी चोळी घेऊन आल्या. म्हणाल्या, 'टेलर, एवढं एक काजं करून दे. डोळ्यांना दिसत नाही मला.' भाईजान उठले. सुई ओवायला त्यांना किती वेळ लागला असेल! पण काजं केलं. आजींनी कौतुक केलं नाही. चोळी घेतली आणि विचारलं, 'रातीला झोप येती का रं?'

त्या प्रश्नावर भाईजान बोलले. मला कधी न सांगितलेलं आजींना सांगितलं. आपण नसलो तर घरावरचं ओझं कमी होईल, असं त्यांच्या मनात घोळत होतं. आजींनी ते आळीत नेलं नाही. भाभीला बाजूला घेऊन सांगितलं, 'याला एकट्याला ठेवू नका. अन् माझ्या बसण्यानं व्हायचं तेवढं झालं. आता दवाखाना.' आळीतल्या रिक्षावाल्यानं मंचरपर्यंत नेलं, तिथून पुण्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे. गोळ्या सुरू झाल्या. दीड-दोन वर्षं चालल्या. भाईजान आज आपल्यात आहेत, बऱ्यापैकी आहेत. दुकान छोटं झालं, आता फक्त उसवलेलं शिवणं आणि मापाला कमी-जास्त करणं असतं. पण मशीन चालतं.

आजींना मी नंतर विचारलं होतं, 'तुम्ही रोज कशाला येत होता? काय नातं आपलं?' त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, 'पडकईला जातोच ना माणूस?'

पडकई हा आमच्या आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यातला शब्द. शहरातल्या श्रोत्यांसाठी थोडं सांगतो. डोंगराच्या उतारावर भाताचं खाचर आयतं मिळत नाही. ते करावं लागतं. उतार खणायचा, माती ओढायची, दगडाचा बांध घालायचा, तेव्हा कुठं चार पेंढ्या भाताची आवणी होईल एवढी जागा तयार होते. पावसाळ्यात बांध फुटला की सगळी माती नदीला. हे काम एका घराचं नव्हे. म्हणून दहा-बारा घरं एकत्र येतात. आज तुझ्या खाचरावर, उद्या माझ्या. हिशेब पैशात नसतो, दिवसांत असतो. देशावर ज्याला इर्जिक म्हणतात, त्याच कुळातली ही रीत. पुढे सरकारी योजना आली, यंत्रं आली आणि यंत्रानं केलेल्या पडकईवर टीकाही झाली. मी बोलतो आहे ती हातांची पडकई, माणसांची.

आजींच्या लेखी मन म्हणजे उतारावरचं खाचर होतं. पावसात त्याची माती वाहून जाणारच. बांध लागतो, आणि बांध एकट्यानं होत नाही. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. पुढचं सगळं त्याचं स्पष्टीकरण समजा.

गरीब वस्तीत मन आजारी का पडतं, याला फार मोठं शास्त्र लागत नाही. उद्याच्या मजुरीची खात्री नाही. घरात एक आजारपण निघालं की सावकार. पत्र्याखाली उन्हाळ्यात झोप नाही. दारू दाराशी. या सगळ्यात माणसाला धरून ठेवतं ते शेजारपण. सणाला, बाळंतपणाला, मयतीला धावणारी चार माणसं. पैसेवाल्याचं एकवेळ शेजाऱ्यावाचून चालेल, तो पैसे देऊन माणूस आणील. गरिबाचा विमाही शेजारी आणि दवाखान्याचा सोबतीही शेजारीच. म्हणून त्याचा शेजार तुटला की तो दुसऱ्यांदा गरीब होतो.

आमच्या तालुक्यानं हे दोनदा पाहिलं. डिंभे धरणानं घोड नदीच्या खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते गावही बुडालं. घरांची, जमिनींची मोजणी झाली. शेजार बुडाला, त्याचा पंचनामा कुणी केला नाही. आजी सांगायच्या, 'जमीन कुठंतरी मिळंल म्हणाले. पण जात्यावर समोर बसणारी कुठून मिळंल?' ज्यांनी पाण्याच्या काठावरच राहायचं ठरवलं, ते मात्र एकमेकांना धरून राहिले. 'शाश्वत' संस्थेच्या आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्यासोबत त्यांनी जलाशयातल्या मासेमारीसाठी सहकारी संस्था उभी केली, पडकईनं खाचरं केली. त्या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला. पुरस्कार निसर्गरक्षणाचा आणि उपजीविकेचा. पण त्या काठावर मनंही वाचली असतील, अशी माझी समजूत आहे.

दुसरी वेळ माळीणची. ३० जुलै २०१४ ची सकाळ. मुसळधार पावसात डोंगर खाली आला आणि गाव मातीत गेलं. सकाळी गाडी घेऊन गेलेल्या एस.टी. चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. १५१ माणसं गेली. कामाधंद्यासाठी, शिक्षणासाठी बाहेर असलेले कित्येक जण वाचले. पण वाचले म्हणजे काय? त्यांच्या दुःखाला खांदा द्यायला जे शेजारी यायचे, तेही मातीखालीच होते. एरवी मृत्यू एका घरात होतो आणि गाव सांत्वनाला येतं. इथं गावच गेलं होतं. आमच्या घोडेगावातून, मंचरातून, कुठून कुठून लोक भाकरी, पांघरुणं घेऊन गेले. मीही गेलो. जाताना डोक्यात दोन ओळी जुळवत होतो. तिथं पोचल्यावर त्या ओळींची लाज वाटली.

वाचलेल्यांना आधी पत्र्याच्या निवाऱ्यात राहावं लागलं. पुढे आमडे इथं नवं गाव वसवलं आणि २ एप्रिल २०१७ रोजी पक्की घरं त्यांच्या ताब्यात दिली. ती घरं पाहून मला एक गोष्ट बरी वाटली. माणसं वेगवेगळ्या गावांत न विखुरता एकत्र राहिली. पुनर्वसन म्हणजे भिंती आणि छप्पर, एवढंच आपण धरतो. उंबऱ्यासमोर कुणाचा उंबरा यावा, याचा विचार नकाशात क्वचितच असतो.

आता डोंगरातून खाली उतरून पुण्यात जाऊ, कारण आमच्या आळीतली निम्मी पोरं आता तिथंच आहेत. माझा पुतण्याही पुण्यात एका वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत भाड्यानं राहिला. म्हणायचा, 'चाचा, पलीकडच्याचं खोकणं ऐकू येतं, पण नाव माहीत नाही.' भिंतीला भिंत लागली म्हणजे शेजार झाला असं नाही. पाण्याच्या रांगेत रोज भेटणारी माणसं रोज भांडतात. कोण कुठल्या जिल्ह्याचा, कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, यावरून गल्ल्या पडतात. तिथं शेजार मुद्दाम घडवावा लागतो.

पुण्यातल्या अशा वस्त्यांत 'बापू ट्रस्ट' ही संस्था बरीच वर्षं हे काम करत आली आहे. भार्गवी दावर या विदुषीनं १९९९ साली ती सुरू केली. त्यांच्या आईला मनोरुग्णालयांत कोंडून राहावं लागलं होतं, आणि संस्थेचं नाव त्या आईच्याच नावावरून आहे. २०२४ साली भार्गवीताई गेल्या. त्यांचं म्हणणं असं, की मन बिघडलेल्या माणसाला वस्तीतून उचलून कोंडू नका, वस्तीलाच त्याला सांभाळायला शिकवा. त्यांच्या वस्तीतल्या कार्यक्रमाचं नाव 'सेहेर'. कार्यकर्ते घरोघर जातात, कोपऱ्यावर बैठक घेतात, एकेकाशी बोलतात. चित्र, गाणं, हालचाल यांचा उपयोग करतात. जेवण पोटभर होतं का, हेही विचारतात. घरचे आणि शेजारी मिळून त्या माणसाभोवती आधाराचं एक कडं तयार करतात.

सेहेर म्हणजे पहाट. आमच्या घरात हा शब्द रमजानच्या सहरीतून रोजचा झालेला. माझ्या लहानपणी सहरीच्या वेळी एक म्हातारबाबा कंदील घेऊन गल्लीतून हाक देत फिरायचे. त्यांचा एक नियम होता. ज्या घरात दिवा लागलेला दिसला नाही, ते दार ते पुन्हा वाजवायचे. दिवा दिसल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. सेहेर या कामाचं नाव ऐकलं, तेव्हा मला तो कंदील आठवला.

कुणी म्हणेल, हे सगळं भावनेचं झालं. आकडे काय सांगतात? बंगळूरच्या 'निम्हान्स'नं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दर १०० प्रौढांत साधारण १० ते ११ जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. आणि उदासी, चिंता यांसारख्या नेहमीच्या आजारांत १०० पैकी ८५ जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अहवाल सांगतो, की जगात सहापैकी एका माणसाला एकटेपणा छळतो. आपण समजतो एकटेपणा हा श्रीमंत देशांचा रोग. पण याच अहवालानुसार श्रीमंत देशांत एकटं वाटणारे सुमारे ११ टक्के, तर गरीब देशांत सुमारे २४ टक्के. दुपटीहून जास्त.

उपायांचेही आकडे आहेत. विदर्भात, शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांना घरोघर पाठवलं. त्याआधी उदासीच्या आजारात १०० पैकी जेमतेम ४ जण कुणाची मदत घेत होते. दीड वर्षानं ते २७ झाले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नाशिक जिल्ह्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्रानं 'आत्मीयता' हा प्रयोग केला, तो पुढे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात गेला. त्यात गावातले स्वयंसेवक दुःखी माणसाशी बोलतात आणि त्याची अडलेली पेन्शन, अडलेली सरकारी योजना मिळवायलाही मदत करतात. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. रेशन बंद झालेल्या बाईला नुसतं 'मन शांत ठेवा' सांगणं हा अपमान आहे.

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेची गोष्ट तर आमच्या आजींचीच वाटावी. तिथले मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांची एक तरुण पेशंट गेली, कारण दवाखान्यापर्यंत यायला तिच्याकडे बसभाडं नव्हतं. डॉक्टरांनी २००६ साली हरारे शहरातल्या गरीब वस्तीत १४ आज्यांना हाताशी धरलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकले. बाकावर आजी बसायची, शेजारी दुःखी माणूस. आधी त्या बाकाला मानसिक आरोग्याचं नाव दिलं होतं, तर कुणी तिथं बसेना. आज्यांनीच सांगितलं, त्याला मैत्रीचा बाक म्हणा. २०१६ साली त्याची शास्त्रीय तपासणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर नेहमीची सेवा मिळालेल्यांत १०० पैकी सुमारे ५० जणांना उदासीची लक्षणं उरली होती. बाकावर बसलेल्यांत सुमारे १४ जणांना. तिथल्या शोना भाषेत या आजाराला जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'अति विचार करणं'. आपल्याकडेही बाया म्हणतात, 'लई विचार करती ती.' भाषा वेगळ्या, ओटा एकच.

पण श्रोतेहो, शेजारपणाचं नुसतं गुणगान करून मी थांबलो तर तो खोटेपणा होईल. जी आळी हजेरी घेते, तीच आळी कुजबुजही करते. भाईजानचं कळल्यावर दोन घरांनी आपली पोरं आमच्या दारात खेळायला पाठवणं बंद केलं. 'वेडा' हा शब्द आमच्या कानावर आला. लपवण्याची गरज आम्हाला का वाटली? याच भीतीनं. शेजार जेवढा जवळचा, तेवढी त्याची जीभ लागते.

नात्यांचा दुरुपयोगही होतो. बचतगटांनी बायकांना एकत्र आणलं, हे मोठंच काम झालं. पण पुढे वस्त्यावस्त्यांत आठवड्याच्या हप्त्याची गटकर्जं आली. एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा. मग काल जी भाजी देत होती, तीच आज पैशासाठी दाराशी ठाण मांडते. शेजारपण तारण ठेवलं की त्याचा फास होतो. हे मी आमच्या आळीत पाहिलं आहे.

आणखी एक. ही सगळी पडकई बहुतेक वेळा बायकांनीच करायची असते. भाईजान आजारी असताना भाभीनं दोन वर्षं घर ओढलं. गोधड्या शिवल्या, रात्री जागल्या, लोकांना उत्तरं दिली. भाईजान बरे झाले, तेव्हा भाभीचं डोकं दुखायला लागलं. मग रक्तदाब निघाला. तिची हजेरी कुणी घेतली होती? मी तरी नाही.

आणि शेजार म्हणजे औषध नव्हे. आजींना हे शहाण्यासुरत्यांपेक्षा चांगलं कळलं होतं. मधुमेहाला जसं औषध लागतं, तसं या आजारांनाही अनेकदा लागतं. ते देणं सरकारचं काम आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा त्यानं प्रत्येकाचा हक्क ठरवला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस गुन्हेगार नसून प्रचंड ताणाखाली आहे असं धरायचं, हेही त्यात आलं. १४४१६ हा 'टेलिमानस'चा मोफत क्रमांक आहे, २०२२ साली सुरू झाला. त्यावर मराठीतून बोलता येतं. कृपया हा क्रमांक लिहून घ्या. पण क्रमांक फिरवायलाही कुणीतरी शेजारी बसून म्हणावं लागतं, 'लाव फोन, मी आहे इथं.'

२०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आजी गेल्या. ॲम्ब्युलन्स आली. आम्ही दारं किलकिली करून बघत राहिलो. कुणी जवळ गेलं नाही, जाताही येत नव्हतं. जिनं प्रत्येक मयतीला आळीतल्या बायांना धरून रडू दिलं, तिच्यासाठी एकत्र रडता आलं नाही. त्या वर्षी कित्येक घरांतून असंच झालं. ती न झालेली रडणी कुठंतरी आत अजून साचून आहेत, असं मला वाटतं.

टाळेबंदी सैल झाल्यावर एका संध्याकाळी भाईजान घरात दिसेनात. माझ्या पोटात गोळा आला. बाहेर जाऊन बघतो, तर ते आजींच्या कुलूप लावलेल्या खोलीच्या ओट्यावर बसले होते. सवयीनं माझ्या तोंडात वाक्य आलं, 'चला घरी, असं बसून काय होणार?' ते मी गिळलं. त्यांच्या शेजारी बसलो. आम्ही दोघंही काही बोललो नाही. अर्ध्या तासानं भाईजान म्हणाले, 'ती चोळी मी वाकडी शिवली होती रे. तिनं सांगितलं नाही.' पन्नाशीच्या आसपास पोचल्यावर मी माझ्या भावाशेजारी पहिल्यांदा असा बसलो.

आता आमची आळी बदलली. गाड्या लावायला जागा हवी म्हणून अर्धे ओटे फोडले. काही खोल्या भाड्यानं गेल्या. मराठवाड्यातून, उत्तरेतून आलेली माणसं त्यांत राहतात. दोन-तीन खोल्यांत आदिवासी पाड्यांतून शिकायला आलेली पोरं आहेत. त्यांची हजेरी आमच्या जुन्या सवयीत बसत नाही. आजींच्या खोलीत एक तरुण जोडपं आलं आहे. नवरा पहाटे कामाला जातो, रात्री येतो. बाई तान्ह्या मुलाला घेऊन दिवसभर एकटी. मूल रडतं, ते ऐकू येतं. बाईचा आवाज मात्र कधी ऐकू येत नाही.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. भाईजानच्या आलं. गेल्या महिन्यात त्यांनी भाभीला सांगितलं, 'तिचं दार दुपारीही बंद असतं.' भाभी आता रोज दुपारी भाजी निवडायला तिथं जाते. ती बाई अजून फारसं बोलत नाही. भाभीला घाई नाही.

श्रोतेहो, हे भाषण संपल्यावर रेडिओ बंद कराल, तेव्हा क्षणभर दारात उभे राहा. तुमच्या आळीत, चाळीत, वस्तीत आज कोण दिसलं नाही, एवढंच आठवून बघा. सल्ला देऊ नका. काहीतरी निवडायला, सोलायला घ्या आणि जाऊन बसा.

नमस्कार.